एका महिन्याचा हिशेब

मार्च उलटला की करसल्लागारांच्या कचेऱ्यांत पिशव्या येऊ लागतात. त्यांत वर्षभराची बिलं असतात, विजेच्या पावत्या, बँकेची स्टेटमेंटं, शाई उडालेल्या पेट्रोलच्या पावत्या, आणि ‘हे कशाचे पैसे?’ असा प्रश्न पडावा अशा दोन-चार चिठ्ठ्या. पुढचे काही आठवडे तिथला एखादा लेखनिक त्या कागदांवरून एका अनोळखी धंद्याचं वर्ष उभं करतो. जुलैच्या सुमारास मालकाला कळतं की मार्चमध्ये संपलेल्या वर्षात आपल्याला अमुक इतका नफा झाला. दरम्यान त्याने माल भरलेला असतो, उधारी दिलेली असते, एखादं यंत्र हप्त्याने घेतलेलं असतं. हे सगळे निर्णय गल्ल्यातल्या नोटा आणि मोबाइलवर दिसणारी बँकेतली शिल्लक पाहून झालेले असतात.

हिशेब हा कर भरण्यासाठी ठेवायचा असतो, हा समज आपल्याकडे इतका मुरला आहे की करातून सवलत मिळाली की लोक वहीच मिटवतात. आयकरात छोट्या धंद्यांसाठी अनुमानित उत्पन्नाची योजना आहे. वर्षाची उलाढाल २ कोटींपर्यंत असेल (आणि रोखीचा वाटा ५ टक्क्यांच्या आत असेल तर ३ कोटींपर्यंत), तर उलाढालीच्या ८ टक्के, आणि बँकेतून किंवा यूपीआयने आलेल्या रकमेवर ६ टक्के, इतका नफा धरून कर भरता येतो. सविस्तर वह्या ठेवण्याची सक्ती त्यामुळे टळते. सोय चांगली आहे, ती घ्यावीच. पण सरकारने धरलेला ८ टक्के नफा आणि आपल्या धंद्यात खरोखर झालेला नफा यांचं नातं असेलच असं नाही. खरा आकडा १५ टक्के असू शकतो, ३ टक्के असू शकतो, तोटाही असू शकतो. तो कुणी आपल्याला आयता सांगणार नाही.

तो काढायचं कौशल्य फार अवघड नाही, मात्र ते वाचून येत नाही. अकरावी-बारावीला पुस्तपालन आणि लेखाकर्म शिकलेली, त्यात चांगले गुण मिळवलेली मुलं पहिल्यांदा दुकानाच्या वहीसमोर बसली की गोंधळतात. यात त्यांचा दोष नाही. पाठ्यपुस्तकातल्या उदाहरणात व्यवहार तारीखवार, नीट वाक्यांत मांडलेले असतात आणि उत्तर शेवटी जुळणार हे ठरलेलं असतं. खऱ्या धंद्यात व्यवहार चिठ्ठीवर असतात, व्हॉट्सअ‍ॅपवर असतात, कुणाच्या तरी तोंडी असतात. कुठला व्यवहार हिशेबात घ्यायचा आणि कुठला नाही, हे ठरवण्यापासून काम सुरू होतं. म्हणून सराव करायचा तो एका छोट्या, पण पूर्ण महिन्याचा: पहिल्या तारखेपासून शेवटच्या तारखेपर्यंत, एकही व्यवहार न गाळता, आणि अखेरीस दोन्ही बाजू रुपयान् रुपया जुळेपर्यंत.

असा एक महिना इथे घेऊ. घरगुती मसाल्याचा नवा धंदा आहे, महिना एप्रिलचा. वर्षभराचा तिखट-मसाला करून ठेवायचा हा काळ, आणि हिशेबाचं नवं वर्षही १ एप्रिललाच सुरू होतं. आकडे सोयीसाठी सोपे घेतले आहेत.

१ तारखेला मालकीणबाईंनी धंद्यासाठी वेगळं बँक खातं उघडून त्यात ६०,००० रुपये भरले. २ तारखेला २४,००० चं कांडप यंत्र घेतलं आणि वरखर्चासाठी बँकेतून ८,००० रोख काढले. ३ तारखेला घाऊक व्यापाऱ्याकडून ब्याडगी, लवंगी, धणे आणि खडा मसाला असा ३०,००० चा माल उधारीवर आला. महिनाभरात ओळखीपाळखीत २२,००० ची विक्री झाली, त्यातले १६,००० यूपीआयने आले आणि ६,००० रोख. १५ तारखेला एका किराणा दुकानाला २०,००० चा मसाला उधारीवर दिला. २० तारखेला व्यापाऱ्याला १४,००० आणि ४,००० असे दोन धनादेश दिले. २२ तारखेला घरखर्चासाठी ५,००० रोख उचलले. २५ तारखेला पाकिटं आणि लेबलांचे ३,००० रोख दिले. २८ तारखेला किराणा दुकानाकडून १२,००० बँकेत जमा झाले. ३० तारखेला मदतीला येणाऱ्या बाईंना ४,००० रोख मजुरी दिली आणि १,५०० चं वीजबिल बँकेतून भरलं.

महिन्याअखेरीला बँकेत ३६,५०० आणि गल्ल्यात २,००० आहेत. म्हणजे घातले ६०,००० आणि उरले ३८,५००. घरातलं कुणीही म्हणेल, साडेएकवीस हजार गेले, हा धंदा नको. ही परिस्थिती मुद्दाम अशी रचलेली नाही. पहिल्या महिन्यात बहुतेक धंद्यांची अशीच दिसते, आणि कितीतरी चांगले धंदे याच टप्प्यावर बंद होतात.

आता वही लिहू. प्रत्येक व्यवहाराला दोन टोकं असतात आणि दोन्ही लिहायची, हा द्विनोंदी पद्धतीचा सगळा पाया. यंत्र घेतलं तेव्हा पैसा गेला आणि यंत्र आलं. यंत्र खात्याच्या नावे २४,०००, बँक खात्यावर जमा २४,०००. माल उधारीवर घेतला तेव्हा पैसा हललाच नाही, तरीही व्यवहार झाला: खरेदी खात्याच्या नावे ३०,०००, व्यापाऱ्याच्या खात्यावर जमा ३०,०००. नवशिक्याकडून हीच नोंद सर्वांत जास्त सुटते, कारण हातात नोट आलेली किंवा गेलेली नसते.

सरावात एक अडथळा जवळजवळ प्रत्येकाला लागतो, तो आधीच सांगून ठेवतो. आपण बँकेत पैसे भरले की पासबुकात ते ‘जमा’ दिसतात, आणि आपल्या वहीत मात्र तीच रक्कम बँक खात्याच्या ‘नावे’ पडते. हा विरोध नाही. पासबुक ही बँकेच्या वहीतल्या आपल्या खात्याची नक्कल आहे. बँकेच्या दृष्टीने आपण पैसे दिलेले, म्हणजे आपलं खातं जमा. आपल्या दृष्टीने बँकेने ते घेतले, म्हणजे बँक नावे. एकाच व्यवहाराकडे दोन घरांतून पाहिल्यावर बाजू उलटणारच. हे एकदा हाताने लिहून पटलं की ‘घेणाऱ्याच्या नावे, देणाऱ्याच्या जमा’ हा नियम पाठ करावा लागत नाही.

घरात जुन्या लाल कापडी वह्या असतील तर त्या पाहताना आणखी एक सावधगिरी बाळगावी. देशी नामा पद्धतीत जमेची बाजू डावीकडे आणि नावेची उजवीकडे असे. इंग्रजी वळणाच्या खतावणीत हे नेमकं उलट आहे: नावे डावीकडे, जमा उजवीकडे. आजोबांची वही आणि नातीचं पुस्तक शेजारी ठेवलं तर दोन्ही बरोबर असतात, फक्त बाजू बदललेल्या असतात. मागच्या पिढीतल्या मुनीम-दिवाणजींकडून तोंडी शिकलेल्या माणसांशी बोलताना हे लक्षात ठेवावं लागतं.

नोंदींचा प्रवास तीन टप्प्यांचा. आधी कच्ची वही: जे घडलं ते घडल्याबरोबर, जमेल तसं टिपलेलं. मग रोजकीर्द: त्याच नोंदी तारीखवार, नावे-जमा ठरवून, खाली कारण लिहून. मग खतावणी: प्रत्येक खात्याचं वेगळं पान. लुका पाचोली या इटालियन भिक्षू-गणितज्ञाने १४९४ साली व्हेनिसमध्ये छापलेल्या गणितावरच्या आपल्या ग्रंथात तिथल्या व्यापाऱ्यांची पद्धत लिहून काढली, तेव्हा त्यानेही हीच तीन पुस्तकं सांगितली होती. द्विनोंदी पद्धत त्याने शोधली नव्हती. इटलीच्या बंदरांतले व्यापारी ती आधीपासून वापरत होते, त्याने ती शिकण्याजोगी मांडली. आपल्याकडे पेशवे दप्तरातही रोजकीर्दी आहेत. रोजचा जमाखर्च रोज लिहायची शिस्त मराठी कारकुनाला नवी नव्हती.

कच्च्या वहीला कमी लेखू नये. माझ्या मते सरावातला हा सर्वांत मोलाचा भाग आहे आणि शिकवताना नेमका तोच वगळला जातो. दुकानदाराचा हिशेब चुकतो तो बेरजेत क्वचितच, मुख्यतः टिपण राहिल्यामुळे चुकतो. रात्री गल्ला मोजायचा, सकाळच्या शिल्लकीत दिवसाची जमा मिळवायची, खर्च वजा करायचा आणि आलेला आकडा मोजलेल्या नोटांशी ताडून पाहायचा. दहा मिनिटांचं काम आहे. फरक त्याच रात्री शोधला तर आठवतो (दुपारी टेम्पोवाल्याला दिलेले दीडशे), आठवड्याने शोधला तर सापडत नाही.

खतावणीतल्या सगळ्या खात्यांची शिल्लक काढून एका कागदावर मांडली की ती तेरीज. आपल्या एप्रिलची तेरीज अशी येते. नावे बाजूला बँक ३६,५००, रोख २,०००, यंत्र २४,०००, खरेदी ३०,०००, किराणा दुकानाकडून येणे ८,०००, उचल ५,०००, पाकिटं ३,०००, मजुरी ४,०००, वीज १,५००. बेरीज १,१४,०००. जमा बाजूला भांडवल ६०,०००, विक्री ४२,०००, व्यापाऱ्याचे देणे १२,०००. बेरीज १,१४,०००. दोन्ही बाजू मिळाल्या.

पहिल्या प्रयत्नात त्या मिळत नाहीत, आणि मिळाल्या नाहीत तर बरंच, कारण खरं शिक्षण तिथे सुरू होतं. समजा फरक ९०० चा आला. ९०० ला ९ ने भाग जातो. अशा वेळी पहिला संशय आकडे उलटे पडल्याचा घ्यायचा: ३६,५०० च्या जागी ३५,६०० लिहिले गेले असतील. शेजारचे दोन अंक आलटून-पालटून पडले तर फरक नेहमी ९ च्या पटीतच येतो. एखादं शून्य जास्त किंवा कमी पडलं तरी तसंच होतं: ३,००० चे ३०० झाले तर फरक २,७००, तोही ९ च्या पटीत. फरक ६,००० चा आला तर त्याचा निम्मा करून ३,००० ची रक्कम शोधायची. पाकिटांचा खर्च चुकून जमेच्या बाजूला चढला असेल, तर एका बाजूला ३,००० कमी आणि दुसऱ्या बाजूला ३,००० जास्त, असा दुप्पट फरक पडतो. हेही नसेल तर फरकाइतकीच रक्कम असलेली नोंद एकाच खात्यात उतरली का, ते पाहायचं. जुने हिशेबनीस बेरजांवर नजर फिरवून चूक कुठे असेल ते सांगत. या पडताळण्या त्यांच्या बोटांत बसलेल्या होत्या, म्हणून त्यांना ते जमायचं.

दोघांनी मिळून सराव करण्याची एक पद्धत मला फार उपयोगी वाटते. जुळलेल्या महिन्याच्या वहीत एकाने गुपचूप एक चूक पेरायची आणि दुसऱ्याने ती शोधायची. आधी आकड्यांच्या उलथापालथीसारखी सोपी चूक, मग एखादी नोंद एकाच बाजूला उतरवलेली, आणि शेवटी तेरजेला न कळणारी चूक.

कारण तेरीज जुळली म्हणजे हिशेब बरोबर, असं नाही. कांडप यंत्राचे २४,००० यंत्र खात्याऐवजी खरेदी खात्यावर टाकले तरी तेरीज १,१४,००० ला १,१४,००० अशीच जुळेल. पण त्याचा परिणाम किती होतो ते पाहा.

नफा काढताना विक्री ४२,०००. खरेदी ३०,०००, पण महिन्याअखेरीला ९,००० चा माल डब्यांत शिल्लक आहे, म्हणून विकलेल्या मालाची किंमत २१,०००. पाकिटं, मजुरी, वीज मिळून ८,५००. यंत्राचा घसारा वर्षाला १५ टक्के धरला तर वर्षाचे ३,६००, महिन्याचे ३००. ४२,००० मधून २१,०००, ८,५०० आणि ३०० वजा केले की नफा उरतो १२,२००. यंत्राची रक्कम खरेदीत गेली असती तर याच महिन्यात ११,५०० चा तोटा दिसला असता. तेरीज दोन्ही वेळा जुळलेलीच.

म्हणजे साडेएकवीस हजार गेले कुठे? २४,००० यंत्रात आहेत, ९,००० डब्यांतल्या मालात, ८,००० किराणा दुकानाकडे, ५,००० घरखर्चाला गेले. हे झाले ४६,०००. त्यातले १२,००० व्यापाऱ्याच्या उधारीने भागवले आणि १२,५०० धंद्याने कमावले (घसारा हा खर्च खरा, पण त्यात पैसा बाहेर जात नाही, म्हणून इथे १२,२०० मध्ये ते ३०० परत मिळवले). ४६,००० मधून २४,५०० गेले, राहिले २१,५००. ताळेबंदही हेच सांगतो: एका बाजूला बँक, रोख, येणे, माल आणि घसारा वजा जाता यंत्र मिळून ७९,२००, दुसऱ्या बाजूला ६०,००० भांडवल, त्यात नफा मिळवून उचल वजा केली की ६७,२००, आणि व्यापाऱ्याचे १२,००० धरून ७९,२००. धंदा चांगला चालला आहे, फक्त नफा अजून नोटांच्या रूपात घरी आलेला नाही.

या गणितात दोन ठिकाणी स्वतःची फसवणूक करणं फार सोपं असतं, म्हणून तिथे थांबतो. पहिली जागा मालसाठ्याची. डब्यांतल्या ९,००० च्या मालाला विक्रीच्या भावाने १४,००० म्हटलं तर नफा एका फटक्यात १७,२०० होतो आणि घरातल्यांना बरं वाटतं. पण तो माल अजून विकलेला नाही. नियम असा की साठा खरेदी किंमत किंवा बाजारभाव यांपैकी जे कमी असेल त्याने धरायचा. मिरचीचा भाव पडला तर साठ्याची किंमतही पडते आणि ती तशीच दाखवायची. साठा मोजायचा तोही डोळ्यांनी अंदाज करून नाही, वजनकाट्यावर.

दुसरी जागा मालकिणीच्या स्वतःच्या श्रमांची. या १२,२०० रुपयांत तिचा पगार कुठेच नाही. एकमालकी धंद्यात मालकाचा पगार खर्चात धरत नाहीत, तिने उचललेले ५,००० ही ‘उचल’ असते आणि ती भांडवलातून वजा होते. हिशेबाच्या नियमाने हे बरोबर आहे. पण निवडणं, भाजणं, कांडणं, पाकिटं भरणं यात तिचा जो वेळ गेला, त्याची किंमत तिने कागदाच्या कोपऱ्यात वेगळी मांडून पाहावीच. तेवढे तास दुसरीकडे काम केलं असतं तर काय मिळालं असतं, ते १२,२०० मधून वजा करून जे उरेल तो धंद्याचा खरा लाभ. घरगुती उद्योगांतल्या बायकांचे कष्ट त्यांच्याच वहीत फुकट धरले जातात, आणि मग मसाला बाजारभावाहून स्वस्त विकून ‘चार पैसे सुटतात’ असं समाधान मानलं जातं. किंमत ठरवण्याआधी हा आकडा समोर हवा.

बँकेचा ताळमेळ हा सरावाचा दुसरा मोठा धडा, आणि यूपीआयच्या काळात तो जास्तच गरजेचा. ३० एप्रिलला मालकिणीच्या वहीत बँक शिल्लक ३६,५०० आहे, पण स्टेटमेंटवर ४०,००० दिसतात. व्यापाऱ्याने ४,००० चा दुसरा धनादेश अजून वटवलेला नाही. आणि ३० तारखेच्या संध्याकाळी क्यूआर कोडवर आलेले ५०० रुपये पैसे स्वीकारणारी कंपनी दुसऱ्या दिवशी खात्यात टाकणार आहे. ४०,००० मधून ४,००० वजा, ५०० अधिक, ३६,५००. फोनवर ४०,००० पाहून तेवढ्याचा माल आणला असता, तर धनादेश परत जाण्याची वेळ आली असती. बँकेने परस्पर कापलेलं शुल्क किंवा दिलेलं व्याज स्टेटमेंटवर दिसलं तर ते मात्र आपल्या वहीत तेव्हाच चढवायचं. हा ताळमेळ आठवड्याला घातला तर पाच मिनिटं लागतात, वर्षाने घातला तर एक माणूस कित्येक दिवस अडकतो. घरचं आणि धंद्याचं खातं एकच असेल तर तो जवळजवळ अशक्यच होतो. मुलांची फी, किराणा, विम्याचा हप्ता आणि मिरचीचे पैसे एकाच रांगेत दिसतात. सरावाला बसण्याआधी दुसरं काही केलं नाही तरी चालेल, खातं वेगळं करावं.

वस्तू व सेवा कराचं कोडं इथे थोडक्यात. मालाचा व्यापार करणाऱ्याला महाराष्ट्रात साधारणपणे वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या वर गेली की नोंदणी करावी लागते, सेवा देणाऱ्याला २० लाखांच्या वर. नोंदणी असेल तर ग्राहकाकडून घेतलेला कर ही विक्री नाही. समजा १,००० चा मसाला ५ टक्के करासह १,०५० ला दिला, तर विक्री खात्यावर १,००० च जमा होतात, आणि ५० रुपये सरकारला द्यायचे म्हणून वेगळ्या खात्यावर. खरेदीवर भरलेला कर त्यातून वळता होतो. नोंदणी नसेल तर खरेदीवरचा कर हा मालाच्या किमतीचाच भाग. एवढं पक्कं झालं की बाकीचं सॉफ्टवेअर करतं.

वर्षअखेरीच्या समायोजनांनाही असंच एखाद्या उदाहरणाने सामोरं जावं. १ जानेवारीला वर्षभराच्या विम्याचे ६,००० भरले, तर ३१ मार्चला संपणाऱ्या वर्षाचा खर्च फक्त १,५००. उरलेले ४,५०० ‘आगाऊ दिलेला विमा’ म्हणून ताळेबंदात मालमत्तेच्या बाजूला. मार्चची मजुरी एप्रिलमध्ये दिली तर ती मार्चच्याच खर्चात धरायची. पैसा केव्हा हलला यापेक्षा तो खर्च कोणत्या काळाचा आहे हे महत्त्वाचं, आणि सरावात हे पुन्हा पुन्हा करावं लागतं, कारण मन सतत पैशाच्या हालचालीकडे ओढलं जातं.

ज्यांच्याकडे स्वतःचा धंदा नाही त्यांनी सराव कशावर करावा? आसपास बचत गट असेल तर तो उत्तम शाळा आहे. बचत गटांच्या पंचसूत्रीत नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्जवाटप आणि वेळेवर परतफेड यांच्या जोडीला पाचवं सूत्र अद्ययावत हिशेब लेखनाचं आहे. दहा-बारा सदस्यांची बचत, कर्ज, व्याज आणि बँक खातं असलेली ही वही लहान असते, तिच्यातले व्यवहार खरे असतात आणि चूक झाली तर बैठकीत तोंडावर सांगितली जाते. बँक कर्ज देताना याच वह्या पाहते. गावाकडच्या कितीतरी बायका त्यातून जमाखर्चात तयार झाल्या आहेत, आणि बी. कॉम. झालेल्या मुलांनी त्यांच्याशेजारी बसून शिकण्यात काही कमीपणा नाही.

सॉफ्टवेअरचा सराव दुसऱ्या महिन्यापासून करावा असं माझं मत आहे. बंगळुरूमध्ये १९८६ मध्ये सुरू झालेल्या कंपनीचं टॅली आपल्याकडे इतकं रुजलं आहे की नोकरीच्या जाहिरातीत ‘टॅली येणं आवश्यक’ असं सर्रास छापतात. त्याची शैक्षणिक आवृत्ती पैसे न भरता वापरता येते, पण तीत महिन्याच्या १, २ आणि ३१ या तारखांनाच नोंदी करता येतात. सरावाला तेवढं पुरतं, खरी तारीख खालच्या तपशिलात लिहावी. एफ ५ वर पैसे दिल्याची नोंद, एफ ६ वर आल्याची, एफ ७ वर रोजकीर्दीची, एफ ८ विक्री, एफ ९ खरेदी, आणि बँक-रोख यांच्यातल्या अदलाबदलीला एफ ४. कळा आठवड्याभरात हातात बसतात. पण टॅली एकाच बाजूची नोंद घेतच नाही, त्यामुळे त्याची तेरीज कायम जुळलेली असते, आणि यंत्राचे पैसे खरेदीत टाकले तरी ते निमूटपणे टाकू देतं. हाताने महिना मिटवलेल्या माणसाला नफा-तोटा पत्रक उघडल्याबरोबर ११,५०० चा तोटा खटकतो. न मिटवलेला तो छापून ग्राहकाच्या हाती देतो.

तर मे महिना. एप्रिलच्या ताळेबंदातल्या शिल्लका आरंभीच्या म्हणून पुढे ओढायच्या: बँक, रोख, येणे, देणे, माल, यंत्र, भांडवल. खरेदी-विक्री आणि खर्चाची खाती शून्यापासून सुरू. पावसाळ्याआधीचा हा शेवटचा मोठा महिना, मागणी भरपूर, आणि मालकिणीला या खेपेला ४०,००० चा माल भरायचा आहे. व्यापारी म्हणतो, रोख दिलेत तर भावात सूट देतो. बँक आणि गल्ला मिळून ३८,५०० आहेत, त्यातले १२,००० त्याचेच देणे, म्हणजे मोकळे २६,५००. किराणा दुकानाचे ८,००० आले तर ३४,५००, पण दुकानदाराने एप्रिलमध्ये २०,००० पैकी १२,००० द्यायला १३ दिवस घेतले होते. मजुरी, वीज, पाकिटं यांना गेल्या महिन्याइतके ८,५०० आणि घराला ५,००० बाजूला ठेवले, तर दुकानाचे पैसे धरूनही मालाला २१,००० च राहतात. तेवढ्याचा माल रोखीत सूट घेऊन उचलायचा, उरलेल्या १९,००० ची पंधरा दिवसांची मुदत मागायची, आणि किराणा दुकानाला पुढचा माल जुनी बाकी आल्यावरच द्यायचा: व्यापाऱ्याशी आणि दुकानदाराशी बोलायला निघण्याआधी या तिन्ही गोष्टी एका चिठ्ठीवर लिहून पर्समध्ये ठेवता येतात.